पाणी जोखताना

अलॉयझी, तू खाणीत वायू मोजायचास.
सहाशे मीटर खाली, कमरेला मीटर अडकवून
पुढे तू, मागे सगळी पाळी.
काटा हलला की तू हात वर करायचास
आणि माणसं काही न विचारता माघारी फिरायची.

पेन्शनीत निघालास, मोजायला काही उरलं नाही,
म्हणून समुद्र आणलास
कातोवित्सेत, चौथ्या मजल्यावर,
माझं शिलाईयंत्र होतं त्या जागी.
तीनशे लिटर. दोन जोकर मासे,
खडकाआड दडणारा एक गोबी,
आणि मुठीएवढं प्रवाळ, जे तुझ्या मते वाढत होतं.
तू तासन्‌तास पाण्यात पाहायचास,
आणि मी तुला.

मार्चपासून वही माझ्याकडे आहे.
तुझं अक्षर: रविवार, नायट्रेट दहा.
रविवार, दहा.
रविवार, बारा, पाणी बदलले.
पुढे नुसत्या छापील रेघा.

मासे काचेशी येत, तोंड उघडत, मिटत.
या घरात माझ्याकडे काही मागणारं
दुसरं कोण होतं?
मी घालत गेले. सकाळी चिमूट, दुपारी चिमूट,
रात्री डोळा लागला नाही की आणखी एक.
उरलेलं तळाशी जाऊन कुजलं,
वाळूवर तपकिरी साय धरली,
खडकांना हिरवे केस आले.
पाणी मात्र लख्ख, वास म्हणून नाही.
मिथेनलाही नसतो, तू म्हणायचास.

ग्लिवित्सेच्या दुकानातला गिंतर आला.
नळीत पाणी, थेंब, पुन्हा थेंब, खूप हलवली.
मग पाच मिनिटं थांबायचं. मी चहा टाकला.
पिवळी झाली, नारिंगी झाली,
मग बिटाच्या सुपासारखी लाल.
रंगपट्टीवर धरली तर पट्टी संपली
आणि लाल उरलाच.
"दिवसाला किती चिमटी?"
"एक," मी म्हणाले.
त्याने डबा उचलून हलवला. तळ वाजला.
बोलला काही नाही. चहा प्यायला.

जाताना एवढंच सांगितलं: एकदम नको.
घाणीला सरावलेला मासा
स्वच्छतेच्या धक्क्यानेही जातो.
तेव्हा दर तिसऱ्या दिवशी
तीस लिटरवर पाणी सोडायचं,
तीस नवं कालवायचं. बादलीत मीठ, बादलीत हीटर,
रात्रभर खळखळ.
मिठाची पोती खालचा तिमोतेउश वर आणतो,
बदल्यात खसखशीचा केक नेतो.
फिल्टरचा स्पंज पिळला, काळं पाणी निघालं,
हात ओळखून होते.
तुझ्या बनियनचं असंच निघायचं.

खालच्या टाकीत शेवाळाचा गुंता सोडलाय.
मी दिवे मालवले की त्याचा दिवा लागतो
आणि ते उजाडेपर्यंत नायट्रेट खातं.
रात्रपाळी आता त्याच्याकडे.

चाळीस. पंचवीस. आठ.
मग मला चेव चढला.
शून्य आलं त्या दिवशी गिंतरला फोन केला,
परीक्षेत पहिली आल्यासारखा.
महिनाभरात प्रवाळ फिकं पडत गेलं,
आजारी माणसाच्या हिरड्यांसारखं.
"शून्य नको, बाई," गिंतर म्हणाला,
"त्यालाही काही खायला लागतं."

एकेचाळीस वर्षं मी तुझ्यामागे फडकं घेऊन फिरले.
चौकटीवरची काजळी, उशीवरचे डाग,
पापण्यांच्या मुळांशी राहिलेली ती काळी रेघ,
लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे.
परवा फोटो पुसत होते. रेघेपाशी आले
आणि फडकं ठेवून दिलं.

आज रविवार. नळी पिवळी, नारिंगीकडे जरा कललेली.
तुझ्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: पाच.
माझा पाचाचा आकडा तुझ्यासारखा ताठ येत नाही,
पोट काढून बसतो.

एक चिमूट घातली.
खाऊन झालं त्यांचं. तरी काचेशी आलेत,
तोंड उघडतायत, मिटतायत.
डब्याचं झाकण
अजून माझ्या हातात आहे.